जोडते हं, थांबा

तिला सगळे जोडणीबाई म्हणत. टेलिफोन कचेरीत सव्वीस वर्षं बोर्डावर बसली, दुसरं काय म्हणणार? समोर भोकाभोकांचा उंच फळा, कानाला हेडफोन, मांडीशी दोऱ्यांचा गुंता. दिवा लागला की दोरी भोकात खुपसायची नि म्हणायचं, “जोडते हं, थांबा.” कुणाचं लग्न जुळतंय नि कुणाचं मोडतंय, हे तिला त्यांच्या आईबापांच्या आधी कळे. पण बाई घट्ट झाकणाची. नवऱ्यालाही कधी ताकास तूर लागू दिली नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. समोरचा बोलत असला की मध्ये तोंड घालायचं नाही. आणि आजारपणाचा कॉल सगळ्यांच्या पुढे, मग मागे मंत्री का खोळंबेना.

तर एकदा खरंच मंत्री खोळंबला. एका आईला इस्पितळातल्या लेकाशी बोलायचं होतं. जोडणीबाईने आधी तिला जोडून दिलं नि मंत्र्याला म्हणाली, “थांबा.” अकरा मिनिटं थांबला बिचारा. कचेरीतल्या बायकांनी तिची नोकरी गेली असं धरून तिच्या डब्यातलं लोणचंही वाटून खाल्लं. पण काहीच झालं नाही.

पुढे तोच पंतप्रधान झाला. माणूस घाईचा. रस्ते, वीज, धरणं, सगळं त्याला कालच्या काल हवं. अर्धा देश त्याला डोक्यावर घेई, अर्धा बोटं मोडी. त्याने गावोगाव आपोआप जोडणारी यंत्रं आणली, नि इथल्या बोर्डावरच्या चाळीस बायका घरी बसल्या. ज्यांनी संप केला त्यांना अठरा दिवस कोठडी. त्यांत खांबांवर चढून तारा ओढणारा जोडणीबाईचा नवराही होता.

शेवटची दोरी उपटायला साहेब स्वतः आले. तिला पाहून म्हणाले, “मला थांबवणाऱ्या त्या तुम्हीच ना? आता बघा, या देशात कुणालाच थांबावं लागणार नाही.” टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. त्या वेळचा फोटो अजून घरच्या भिंतीवर आहे. साहेब पूर्ण आलेत. जोडणीबाईचं फक्त कोपर.

त्या फोटोवरून घरात तीस वर्षं जुंपत आली. नवरा म्हणे, “त्या मेल्याला उतरव भिंतीवरून.” ती म्हणे, “माझं कोपर आहे त्यात. तुझं काय आहे?”

परवा सकाळी मात्र भाच्याचा फोन आला. “मावशी, आईचं काही खरं नाही. तुझाच धोसरा काढलाय. इथे आत मोबाईल लागत नाही, मी बाहेर येऊन बोलतोय. तू इस्पितळाच्या नंबरवर कर, वॉर्डातल्या सिस्टर तिच्या कानाशी धरतील.”

धाकटी बहीण. दिवसभराच्या वाटेवर. हिचे गुडघे असे की जिना उतरायला अर्धा तास लागावा. बोलायचंही फार नव्हतं. मी आहे गं, एवढंच तिच्या कानावर घालायचं होतं.

तिने फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज बोलू लागला. तपासणीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा, वॉर्डासाठी तीन दाबा. जोडणीबाई अदबीने ऐकत राहिली. आवाज थांबल्यावर म्हणाली, “हो, वॉर्डच द्या. बहीण आहे माझी.”

“आपण कोणताही पर्याय निवडला नाही. धन्यवाद.” कट्.

पुन्हा लावला. पुन्हा सगळं ऐकून घेतलं, पुन्हा कट्. तिसऱ्यांदा तेच. नवरा वर्तमानपत्र टाकून उठला. “अगं, दाब ना तीन!”

“बोलतेय ना ती अजून!”

“मशीन आहे ते! त्याला कसला आलाय राग?”

त्यानेच मग तीन दाबलं. लगेच दुसरा आवाज आला. “आपण रांगेत चौदाव्या आहात. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” नि टुणटुण वाजंत्री. बारा. अकरा. वाजंत्री तीच. ती मध्येच फोनला सांगे, “अहो, आजारपणाचा कॉल आहे.” सांगून सांगणार कुणाला? आत दिवा बघणारं कुणी बसलंच नव्हतं.

नवरा शेजारी बसून नंबर बोटांवर मोजत होता. एकदा नंबर उलटा नऊचा दहा झाला तेव्हा उठून खिडकीशी गेला.

पाऊण तासाने खऱ्या माणसाचं “हॅलो” आलं. जोडणीबाईने बहिणीचं नाव सांगितलं. पलीकडे वॉर्डातली सिस्टर होती.

“तुम्ही मावशी का? आत्ताच गेल्या हो त्या. चहाची गाडी आली तोवर शुद्धीवर होत्या. फोन आला का, विचारत होत्या.”

“चहा किती वाजता येतो तुमच्याकडे?”

“अकराला.”

तिने घड्याळ पाहिलं. अकराच्या सुमाराला ती त्या गोड आवाजाचं बोलणं संपायची वाट बघत होती.

सिस्टरने फोन ठेवला. आपण आधी तोडायचं नाही, ही जुनी सवय, म्हणून जोडणीबाईच्या कानाशी तो तसाच राहिला. त्यात आवाज आला, “आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी असाल, तर एक दाबा.” तेही तिने शेवटपर्यंत ऐकलं.

नवरा शेजारी येऊन बसला. भिंतीवरच्या फोटोकडे बघेना.

“घाल की आज शिव्या त्याला,” ती म्हणाली. “मी नाही अडवत.”

त्याने तिच्या हातातून फोन सोडवून घेतला.

“कशा घालू? सकाळी ती आजारी असल्याचं कळलं, तेही त्याच्याच या थेट लागणाऱ्या फोनमुळे ना गं.”

नि फोन हळूच जागेवर ठेवला.