बाही राहिलेला कोट

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याला सगळे ‘आजच मास्तर’ म्हणत. शिंपी म्हटला की ‘उद्या या’ हे ठरलेलंच. पण या पठ्ठ्याच्या तोंडून ते कुणी कधी ऐकलं नव्हतं. सकाळी कापलेलं कापड संध्याकाळी शिवून, इस्त्री करून, कागदात बांधून तयार. जास्तीचं काम आलं की सरळ हात जोडायचा, “दुसरीकडे जा, बाबा.” गिऱ्हाईक चिडायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच यायचं.

कारण विचारलं तर मशीन थांबवून सांगायचा, “प्रभू येशू परत येणार आहे. कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. आज रात्री आला आणि तुझी विजार एका पायाचीच राहिली, तर मी त्याला काय तोंड दाखवू?” बापही शिंपीच होता, त्याची ही शिकवण. प्रभूच्या येण्यासाठी जागं राहायचं म्हणजे कुणाचं काही अर्धं ठेवायचं नाही. लोक हसायचे. “मास्तर, प्रभू आल्यावर विजारी घालणार कोण?” हसेनात का! हा आपला टीप घालत बसायचा.

मध्यंतरी चर्चमध्ये एक पाहुणा उपदेशक आला आणि जगाच्या शेवटाची तारीखच सांगून गेला. अर्ध्या मंडळींची पाचावर धारण बसली. मास्तरने त्या दिवशीही नेहमीसारखी काजं केली. “तारीख कळली तर जागं कशाला राहायचं? गजर लावून झोपा की!”

असा हा पक्का माणूस. त्याचं पितळ उघडं पडलं ते बायकोच्या ट्रंकेत.

तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. मोठ्या शहरात ऑपरेशन ठरलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी ती कपडे भरायला बसली. ट्रंकेच्या तळाशी निळं लोकरी कापड निघालं, कापलेलं, खडूच्या खुणांसकट. लग्नाच्या वर्षी त्याने तिच्यासाठी कापलेला कोट. तेवढ्यात कुणाचं तरी घाईचं काम आलं होतं आणि तो म्हणाला होता, “घरचंच आहे, करू सावकाश.” सावकाश म्हणता म्हणता दोघांचे केस पिकले. तिने एकदाही आठवण करून दिली नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. साऱ्या जगाचं आजच, आणि हिचं कधीच नाही!

तो तडक मशीनवर बसला. शिवणीत भरपूर कापड सोडलेलं होतं, म्हणून आताच्या मापाला पुरलं. दिवेलागणीपर्यंत एक बाही लागली. दुसरी घेणार, तोच बायकोने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

“बस करा.”

“एकच राहिलीय गं. आज संपवतो.”

“आजच का?”

त्याने मान खाली घालून बाहीला टाचणी लावली. कारण दोघांनाही ठाऊक होतं.

“लोकांचं संपवून मोकळे होता, तसं माझंही करताय होय? मी परत येणारच नाही, असं धरून चाललाय तुम्ही.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“मग राहू दे ती बाही. मी आले की लावा. मला यायला काही कारण नको का?”

मास्तरची झोप उडाली. अर्धा कोट खिळ्यावर लटकत होता. “प्रभू, तू कधीही ये,” तो पुटपुटला, “पण आज आलास तर एक बाही राहिलेली असेल. रागावू नकोस, तिनेच सांगितलंय.”

ऑपरेशन झालं, पण ताप चढला. बायकांच्या वॉर्डात मेहुणी थांबली आणि तिने याला घरी पिटाळलं. हा रोज फोन करायचा, “कधी सोडणार?” मेहुणी म्हणायची, “भावजी, डॉक्टरांनाही सांगता येत नाही.” दिवस कुणालाच ठाऊक नाही, हे वाक्य आयुष्यभर त्याने किती सहज म्हटलं होतं! आता तेच रोज मेहुणीच्या तोंडून ऐकावं लागत होतं. गाडीचा आवाज मंदावला की सुई थांबायची, मान दाराकडे वळायची. प्रभूसाठी अशी मान कधी वळली होती का? आपण इतकी वर्षं वाट बघत होतो, की तपासणीला येणाऱ्या साहेबाला घाबरत होतो? त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि प्रभूची कधी नव्हे इतकी ओढ वाटली.

ती आली ती भर दुपारी, फोन न करता, मेहुणीच्या शेजाऱ्याच्या गाडीतून. मास्तरची दाढी वाढलेली, तोंडात टाचण्या, जमिनीवर चिंध्या, कालचे कप तसेच. तयारी म्हणून कसलीच नव्हती.

“काय हा पसारा!” चौकट धरून ती म्हणाली. निम्मी झाली होती. “मी येणार हे माहीत नव्हतं?”

“येणार हे माहीत होतं,” टाचण्या हातात काढत तो म्हणाला, “आज येणार हे नव्हतं.” आणि तो लहान पोरासारखा रडला.

तिने खिळ्यावरचा कोट काढून अंगात घातला आणि बाही नसलेला हात त्याच्यापुढे केला. “लावा आता.”

मास्तरने टेप घेतली, तिचा हात हातात धरला आणि टेप खाली ठेवली.

“उद्या,” तो म्हणाला. “आज बस जरा.”