‘येतो’ म्हणाले आणि राहिले

पाण्याची भीती मला जन्माचीच. आम्ही घाटावरची माणसं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत डोकावलं की आई पाठीत धपाटा घालायची. दोह्यात आल्यावर दोन-तीन वर्षांनी यांच्या कंपनीने एका शुक्रवारी यॉटमधून बेटं दाखवायचं ठरवलं, तेव्हा हे हरखून गेले. मी म्हटलं, "मला पोहता येत नाही, तुम्हालाही येत नाही. कशाला हवीत ती बेटं?"

"अगं, फुकट नेतायत!"

या शब्दापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

दोन यॉट होत्या. पहिल्या बेटावर मी उतरलेच नाही. दुसऱ्यावरही नाही. ते बेट तरी कसलं, वाळूचा लांबट पट्टा आणि मध्ये थोडी खुरटी झुडपं. हे आणि आमची सात वर्षांची लेक रबरी होडीतून तिकडे गेले. परतताना होडीत लेक होती, हे नव्हते.

"बाबा कुठायत?"

"ही सेड ही इज कमिंग."

तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. मला वाटलं, दुसऱ्या यॉटमधून मित्रांबरोबर येत असतील. केरळच्या कप्तानाने विचारलं, "सब आ गया?" मी मान डोलावली. "यल्ला, चलो," म्हणत त्याने इंजिन सुरू केलं.

तिसऱ्या बेटाशी दुसरी यॉट येऊन थांबली. माणसं उतरली. त्यांत हे नव्हते, आणि यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. लेकीला जवळ ओढून म्हटलं, "बाबा नक्की काय म्हणाले? मराठीत सांग."

ती बावरली. "म्हणाले, 'येतो गं.' अँड देन ही वेंट... झुडपांकडे."

मी कपाळावर हात मारला. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे यांच्या अंगात मुरलेलं. दुकानात जाताना 'येतो', ऑफिसला जाताना 'येतो'. आडोशाला जातानाही या माणसाने 'येतो'च म्हटलं, आणि इंग्रजी शाळेतल्या लेकीने त्याचा सरळ अर्थ लावला.

यॉट उलटी फिरली. वारा सुटला होता, लाटा आडव्या आपटत होत्या. मी कप्तानाला विचारलं, "पानी टापू पे चढ़ता है क्या?"

"थोड़ा चढ़ता है, मॅडम. मिल जाएगा, इन्शाल्ला."

त्या इन्शाल्लाने माझं उरलंसुरलं अवसान गेलं. खात्री असती तर याने देवाला मध्ये कशाला घेतलं असतं? सासूबाईंना फोनवर काय सांगायचं, इथपर्यंत माझं मन जाऊन पोचलं होतं. त्याची मला लाज वाटत होती आणि ते थांबतही नव्हतं.

पट्टा दिसला तेव्हा निम्मा उरला होता. त्यावर कुणीच नव्हतं. मी यांचं नाव घेऊन किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा नाव घेतलं असेल.

मग कप्तानाने बोट दाखवलं. पट्ट्यापासून बरंच पुढे, छातीइतक्या पाण्यात हे उभे होते. आमची यॉट ज्या दिशेला गेली त्याच दिशेला चालत निघाले होते.

वर ओढून घेतलं तेव्हा यांचे दात वाजत होते. लेक कमरेला चिकटली. मी मात्र भडकले. "पुढे खोल आहे, कळत नव्हतं का?"

"कळत होतं," हे म्हणाले. "पण तुम्ही दोघी दिसेनाशा झालात, मग तिथं उभं राहवेना."