परत ठेवलेलं पिल्लू

पिल्लू सापडलं तर काय करायचं, हे मला तरुणपणीच कळलं आणि त्याचा मला स्वतःला काही उपयोग झाला नाही. पिसं फुटलेली असतील, शेपूट आखूड असेल, जमिनीवर टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पिल्लू पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप तिथंच कुठंतरी असतात. मांजराची भीती असेल तर उचलून झुडपात ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. एवढंच. पण आमच्या घरी कुणावर दया करायची म्हणजे सगळ्यांनी मिळून त्याचा जीव नकोसा करायचा, अशी रीत होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात मी इंदूरहून माहेरी उज्जैनला आले, ती परत न जायच्या इराद्यानं. नवरा मारायचा. मी ते आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगितलं. आईनं मला लांब बाह्यांचे ब्लाउज काढून दिले, भर मे महिन्यात. दृष्टीआड सृष्टी. बाबा रेल्वेतून नुकतेच रिटायर झाले होते आणि घरात नवीनच केबल आली होती. अमेरिकेत काय चाललंय, रशियात काय चाललंय, सगळ्या जगाच्या उठाठेवी त्यांना ठाऊक असायच्या. मी इथं राहू का, एवढाच माझा प्रश्न होता. त्याला रोज एकच उत्तर मिळायचं, "पाहू."

एका सकाळी अंगणात मधुमालतीच्या वेलाखाली बुलबुलाचं पिल्लू दिसलं. मी काही म्हणायच्या आत बाबांनी ते ओंजळीत उचललं. मग काय विचारता! आईनं फुलांची परडी रिकामी केली, तीत जुनं धोतर अंथरलं, आणि देवापुढची कापसाची वात दुधात भिजवून त्याच्या चोचीत पिळायला बसली. त्याला कूलरचा वारा लागू नये म्हणून बाबा स्वतः आडवे बसले. शेजारच्या भाभी भिंतीवरून डोकावून सल्ले देऊ लागल्या. मला त्या पिल्लाचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःचाच संताप आला.

बाहेर वेलावर दोन बुलबुल घसा फाटेस्तोवर ओरडत होते.

"बाबा, त्याचे आईबाप बोलावतायत. ठेवून द्या ना परत."

"अगं, आता काय फायदा? माणसाचा हात लागला की ते पिल्लाला अपनावत नाहीत."

"चोंच मार-मारके भगा देंगे," भाभींनी दुजोरा दिला.

"ठेवून तर बघू," मी म्हटलं. "नाहीच घेतलं तर आणू आत."

दुपारपर्यंत पिल्लानं दुधाचा थेंबही गिळला नाही, तेव्हा कुठं बाबांनी परडी माझ्या हातात दिली. मी पिल्लाला वेलातल्या दाट फांदीवर ठेवलं आणि जिन्यात लांब बसून राहिले. मांजर आलं, त्याला हाकललं. ऊन उतरल्यावर बाबा चपला घालून देवास गेटकडे गेले. भाजी आणायला गेले असतील, असं मला वाटलं.

आणि बुलबुल आला. चोचीत हिरवी अळी होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि अळी सरळ पिल्लाच्या घशात कोंबली. हात लागल्यानं काहीही बाटलं नव्हतं. पिल्लू चोच वासून आणखी मागू लागलं, तसा दुसराही आला. मला रडू फुटलं. किती दिवसांनी मी आनंदानं रडत होते.

बाबा फाटकातून आत आले तशी मी धावत गेले. "बाबा, घेतलं! घेतलं त्याला परत!"

त्यांचा चेहरा खुलला. मी आल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघून हसले.

"अरे वा! म्हणजे आज दोन्ही कामं झाली," ते म्हणाले. "मी एसटीडीवरून इंदूरला फोन लावला. जावईबापू स्वतः बोलले. त्यांच्या मनात काही नाही. तेही तुला परत घ्यायला तयार आहेत. उद्या सकाळच्या बसनं नीघ."

पिल्लू वेलावर चिवचिवत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "त्याला त्याच्या आईबापांनी घेतलं."

बाबा आत वळून आईला म्हणाले, "हिला बसमध्ये खायला दशम्या करून दे."