चहाआधी लीद

दफेदार लीद बघितल्याशिवाय सकाळचा चहा घेत नसत. लखनऊ छावणीजवळच्या आमच्या तबेल्यात अकरा घोडे होते. प्रत्येकाच्या ठाणापाशी ते वाकत, काडीने लीद फोडत, वास घेत आणि मगच हात धुऊन कपाकडे वळत. "घोडा काय सांगायचं ते इथंच सांगतो, साहेब," म्हणत. मी नुकताच पदवी घेऊन आलेला जनावरांचा डॉक्टर. मला हसू यायचं.

ते साताऱ्याकडचे. फौजेच्या घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, बायको वारलेली. मुलगा शहरातच अमौसीला नोकरीला, तो बापाच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायचा. त्यामुळे दफेदार मराठी बोलत ते दोघांशीच: माझ्याशी आणि चंपा नावाच्या तांबड्या घोडीशी. चंपाशी जास्त. खरारा करताना गावाहून आलेल्या पत्रातलं तिला सांगत. निशातगंजच्या खोलीत मीही एकटाच होतो. माझीही दिवसभराची मराठी तेवढीच.

एकदा चंपाच्या पायाला तार लागून जखमेत पू झाला. मी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. दफेदार त्या कुटून, गुळात कालवून तिला आपल्या हाताने भरवत. तिसऱ्या दिवशी ते चहा न घेताच माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, लीद पातळ झालीय. दाण्याला तोंड लावत नाही. गोळी थांबवा."

"जखम भरत आलीय. कोर्स अर्धवट सोडायचा नसतो, दफेदार."

या औषधाने पोटातले चांगले जंतूही मरतात आणि ते घोड्याच्या जिवावर बेतू शकतं, हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. पण लीद चिवडणाऱ्या माणसाने ते मला सांगावं, हे मला सोसलं नाही.

"बरं," ते म्हणाले. हुकूम मोडायची त्यांना सवय नव्हती. आणखी दोन दिवस त्यांनी गोळ्या भरवल्या. मग पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. मी गोळ्या बंद केल्या, सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चंपा गेली. पायाची जखम मात्र छान सुकली होती.

पुढच्या सकाळी त्यांनी उरलेल्या दहा घोड्यांची लीद बघितली. मी जवळ जाऊन म्हणालो, "दफेदार, चूक माझी आहे."

"नहीं साहब, खिलाया तो हमने था."

माझ्याशी ते पहिल्यांदाच हिंदीत बोलले आणि पुढे हिंदीतच बोलत राहिले. त्या दिवसापासून चहाआधी मीही लीद बघू लागलो. आम्ही दोघे शेजारी शेजारी वाकलेले असायचो.

वर्षभराने मी लखनऊ सोडलं. निघताना मुद्दाम मराठीत म्हटलं, "येतो, दफेदार."

त्यांनी कडक सलाम ठोकला. "अच्छा, साहब."