पिल्लांवरची मरळ

आषाढात खानदेशात जायचं, तेही तळी बघायला, हे सांगितल्यावर घरात कुणी हसलंसुद्धा नाही. मलाही समजावून सांगायचा उत्साह नव्हता. त्या दिवसांत मी नुसतीच दमलेली होते, कशाने ते नेमकं सांगता येऊ नये अशी.

माझी मामेबहीण वैशाली जळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर तिने पीएच.डी. धरली. विषय, उथळ तळ्यांतली मरळ कशी वाढते आणि किती वर्षं जगते. मुदतवाढ संपत आली होती आणि नेमकं तेव्हाच तिचं मनगट मोडलं. "ताई, तू फक्त गाडी चालव. बाकी काही करू नकोस," ती फोनवर म्हणाली. बाकी काही करायचं नाही, एवढ्या एका वाक्यासाठी मी नाशिकहून जळगावची गाडी पकडली.

पहिल्या दिवशी धुळ्याकडे निघालो. महामार्ग चांगला आहे, फक्त ट्रकवाल्यांच्या मधून वाट काढायची तयारी ठेवा. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, आणि पाठ सीटला चिकटलेली. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिखट कमी घाला म्हणून दोनदा सांगितलं होतं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे कमी आहे?" मी विचारलं.

"कमीच शे ताई. जास्त खाणारा तो देखा, रडी राह्यना," वाढणाऱ्याने पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. दोघींचं पोटभर जेवण तीनशेच्या आत झालं, ताकासकट.

धुळ्याजवळचं तळं म्हणजे मधोमधही छातीपेक्षा जास्त पाणी नाही. काठावर मासे विकायला बसलेल्यांकडे मरळी होत्या. सापासारखं चपटं डोकं, तोंडात बारीक दात. बेडूक, लहान मासे, जे समोर येईल ते गिळणारा मासा. सगळ्या वीतभर, फार तर दीड वीत. वैशालीने चिमट्याने एकेकीचे खवले काढून पाकिटांत भरले आणि संध्याकाळी लॉजच्या खोलीत छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवले.

खवल्यावर रेषाच रेषा असतात. पाणी भरपूर, खायला भरपूर, तेव्हा रेषा दूर दूर पडतात. उन्हाळ्यात तळं आटतं, मासा चिखलात तग धरून बसतो, वाढ थांबते, आणि रेषा एकमेकींना खेटतात. असा एक दाट पट्टा म्हणजे एक उन्हाळा.

"म्हणजे काढलेले उन्हाळे मोजायचे," मी म्हणाले.

"हो. आपल्यासारखंच."

त्या दिवशीच्या सगळ्या मरळी एका-दोन उन्हाळ्यांच्या निघाल्या. तिची अडचण हीच होती. म्हातारी मरळ मिळतच नव्हती, कारण मोठी होईपर्यंत तिला कोणी ठेवतच नाही. मोठी मिळाल्याशिवाय वाढीचा आलेख पुरा होणार नव्हता. शिवाय म्हाताऱ्या माशाच्या खवल्यांच्या कडा झिजतात, मोजणी चुकते. मग डोक्यातला कानाचा खडा काढावा लागतो, त्यावरही अशीच वलयं असतात. म्हणजे मासा मारावा लागतो. चोपड्याकडच्या एका मासेमाराने, नानांनी, फोनवर शब्द दिला होता, आमच्या तळ्यात एक मोठी आहे, तुमच्यासाठी धरून देतो. तिची सगळी भिस्त त्या एका माशावर होती.

दुसऱ्या दिवशी अमळनेरवरून चोपडा. अमळनेरपर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि समोर सातपुडा निळसर उभा राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. पाझर तलावाच्या भिंतीवर नाना आणि त्यांच्या घरच्या अक्का आमची वाट बघत होते.

नानांनी बोटाने दाखवलं. लव्हाळ्याजवळ पाण्यावर गुलाल सांडल्यासारखा तांबडा ढग हलत होता. ती पिल्लं. त्यांच्याखाली एक काळी, माझ्या हाताएवढी लांब सावली अगदी स्तब्ध.

"पिल्लासवर शे," नाना म्हणाले. "आते नही धरतस आम्ही तिले."

वैशालीचा चेहरा उतरला. "नाना, तुम्ही हो म्हणाला होतात."

"तव्हय पिल्ला नव्हतात."

"पण दोघं राखतात ना पिल्लं? नर राहीलच."

"तो गया. भाहेरना कोनी तरी गळ टाकीसन लई गया." नानांनी सावलीकडे पाहिलं. "तुम्ही टाका, तं लगेच धरी. पिल्लासजोडे जे येई, त्याले चावस ती. तेच तं वाईट शे."

मग ते भिंतीवरून उतरून निंबाखाली जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. अडवलं नाही. गळ वैशालीच्या पिशवीत होता, मला माहीत होतं. तिने तो बाहेर काढला. प्लास्टर घातलेल्या हाताखाली गळाची आखूड काठी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने दोरी सोडवत राहिली.

अक्का तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बाईनी उमर इचाराले उनी तू, नि तिना जीव लेस का माय?"

वैशालीला हसू आलं. ते अर्ध्यातच थांबलं. सावली जराशी वर आली, भुस्सकन हवा घेतली आणि पुन्हा ढगाखाली गेली. मी मनात म्हणत होते, टाक गं, सुटशील एकदाची. तिचे डोळे मला बघवत नव्हते.

तिने दोरी पुन्हा काठीला गुंडाळली. सावकाश, एका हाताने, मध्येच सुटली तर पहिल्यापासून.

अक्कांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि कांदा वाढला. जेवताना तळ्याचा विषय निघाला नाही. नानांनी वाऱ्याने पडलेल्या केळीच्या खोडांबद्दल सांगितलं. निघताना अक्कांनी वैशालीच्या प्लास्टरवरून हात फिरवला.

परतताना जळगाव दिसू लागलं. मग वैशाली म्हणाली, "आलेख मध्येच तुटेल, ताई."

पुढे केळीचा ट्रक होता, त्याच्या मागेमागे चालवत राहिले.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर श्रावणात जा, उकाडा जरा कमी असतो. तळ्यावर गळ घेऊन जाऊ नका. आणि पाण्यावर तांबडं काही हलताना दिसलं, तर लांबूनच बघा.

मी घरी आले तशीच दमलेली होते. प्रवासाने थकवा जातो असं लिहायचं असतं, पण तसं झालं नाही. एवढंच, की आता सकाळी ओट्यापाशी उभी असले की ती एका हाताने दोरी गुंडाळणारी वैशाली डोळ्यांपुढे येते.

आश्विनात तिचा फोन आला. प्रबंध तिने वेळेत दिला होता, मोठ्या माशाशिवाय.

"नानांचा फोन होता. पिल्लं पांगली म्हणे. या आता, धरतो."

"मग? येऊ गाडी चालवायला?"

"नको म्हटलं त्यांना. आता ते नुसतं माझ्या कुतूहलासाठी झालं असतं. उद्या त्यांनी बाजारात नेली तर नेऊ दे, त्यांचं पोट आहे ते."

"आणि आलेख?"

"तुटलाय. खाली एक ओळ घातली आहे. गाईड सरांनी खोडायला सांगितली होती, मी ठेवली."

"काय लिहिलंस?"

"याहून मोठी एक मरळ पाहिली. वय माहीत नाही."