सासऱ्यांचं घड्याळ

सासऱ्यांनी लग्नात स्वतःच्या मनगटावरून काढून दिलेलं चावीचं घड्याळ मी हरवलं आणि बायकोपासून लपवलं, ही माझी चूक. बोंडअळीच्या वर्षी कपाशीची उभी पऱ्हाटी उपटताना ते शेतात कुठेतरी पडलं. मग मी मोबाइलवर तसंच जुनं घड्याळ शोधलं. ऑनलाइन फसवणूक फार, म्हणून कमालीचा सावध राहिलो. विकणाऱ्याकडून मागचं झाकण उघडून आतल्या यंत्राचा फोटो मागवला, तबकडी पुन्हा रंगवलेली नाही ना ते पाहिलं, आर्णीच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यालाही तो फोटो दाखवला. खोटेपणाची मला भारीच चीड.

घड्याळ आल्यावर बायकोला म्हणालो, "बाबाची घडी सापडली, शेताच्या धुऱ्यावर."

तिला ती हरवल्याचंही ठाऊक नव्हतं. तिनं चावी फिरवून पाहिली.

"बाबाच्या घडीची चावी अडकत होती. ही त मस्त फिरून राह्यली. धुऱ्यावर पडल्या पडल्या सुधरली काय?"

"अस्सल आहे," मी म्हणालो. "सगळं तपासून घेतलं."

"असंन. पण बाबाची कुठी हाय?"

हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा राहिला होता.

"हरवली," मी म्हणालो. "तुले सांगाची हिंमत नाही झाली. खोटं बोललो. माफ कर."