जितके नेले, तितके परत

“घर में मत बोलना, रफीक. और बहू को तो बिल्कुल नहीं. वो बोलती नहीं, देखती सब है!”

माझ्या लग्नात लोकांनी माझं बरंच कौतुक केलं होतं. मुलगी शांत आहे, कामाची आहे, पोळ्या पातळ लाटते. पण इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं. मला सासरी येऊन सहा दिवस झाले होते आणि बोलणारे माझे सासरे होते.

मी तेव्हा सामानाच्या खोलीत बसून फुटबॉलमध्ये हवा भरत होते. बाबा खिडकीबाहेर उभे होते. जे मला सांगायचं नव्हतं, तेही ऐकू आलं. आदल्या दिवशी बाबा घराजवळच्या कमानिया गेटपाशी पंधरा मिनिटं नुसते उभे राहिले होते. घर कोणत्या बाजूला आहे तेच आठवेना. ज्या शहरात त्यांच्या आजोबांचाही जन्म झाला, त्या शहरात!

माझा पंप थांबला. मग वाटलं, थांबलेला पंपही ऐकू जाईल. म्हणून पुन्हा भरायला लागले. तो बॉल इतका टाइट झाला की दोन दिवस त्याला पाय लावणारा प्रत्येक जण लंगडत होता.

क्लबात किस्से असेच जमत जातात, रोज एक तरी. हसत हसत सांगावेत असेच असतात. फक्त त्या दिवसापासून मला प्रत्येक किश्शाची मागची बाजू दिसायला लागली. तिकडून हसू येत नाही.

*

आधी क्लब सांगते. बाबा शाळेत पीटीचे सर होते. नोकरीत असतानाच त्यांनी मोहल्ल्यातल्या पोरापोरींसाठी फुटबॉल क्लब काढला. आता रिटायर झाले, तरी क्लब चालूच आहे. रफीकभैया त्यांच्या पहिल्या बॅचचे प्लेयर. गोहलपुरात त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, आमचे गोलपोस्टही त्यांनीच जोडलेत. टीममध्ये दहा ते तेरा वर्षांची अठरा मुलंमुली. ऑफिस म्हणजे आमची सामानाची खोली. आणि क्लबची सगळी तत्त्वं त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, निळ्या ऑइल पेंटने, बाबांच्या हातची. आमच्या घरात मराठी, मोहल्ल्यात हिंदी, म्हणून आहेत हिंदीत; मी मराठीत सांगते:

जितके नेले, तितके परत आणायचे.
बेंचवर बसायला घरून कोणी येत नाही. सगळे खेळतील.
चूक ज्याची, हात त्याचा.

एकदा एका मुलाचे वडील आले. स्कूटरवरून उतरले, चष्मा लावून भिंत दोनदा वाचली आणि म्हणाले, “सरजी, इसमें जीतना कहाँ लिखा है?”

बाबांनी भिंतीकडे नीट बघितलं. “अरे हो! जगह ही खत्म हो गई.”

मुलाचं ॲडमिशन झालं. वडील बिचारे अजून येता-जाता भिंतीवर रिकामी जागा शोधतात.

पहिली ओळ मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरांत आहे. मी विचारलं नव्हतं, पण बाबांनीच एकदा सांगितलं, “लोक आपलं पोरगं आपल्या हातात देतात बेटा. हारजीत नंतर. पहिले ते जसंच्या तसं वापस द्यायचं.”

त्या रात्री मला झोप नाही लागली. कमानिया गेट डोळ्यांपुढून हलेना.

*

तिसऱ्या ओळीचा अर्थ मला जोयाने समजावला. जोया म्हणजे आमची गोलकीपर, वय अकरा, तोंड चोवीस तास चालू.

एका मॅचमध्ये बॉल गोललाइनच्या आत पडला आणि तिने तो झटक्यात बाहेर ओढला. रेफ्रीला दिसलं नाही. समोरच्या टीमलाही दिसलं नाही. ही मात्र हात वर करून उभी! “अंदर था, भैया!”

आम्ही तेवढ्या एका गोलने हरलो. बाबांनी त्याच संध्याकाळी तिला खोव्याची जलेबी खाऊ घातली. रफीकभैया कपाळाला हात लावून म्हणाले, “सरजी, बाकी टीमें फॉरवर्ड से डरती हैं. हम अपनी गोलकीपर से डरते हैं!”

क्लबात पद्धतच आहे. मॅच संपली की सगळे रिंगण करून बसतात, त्याला ‘गोल’ म्हणतात. ज्याची चूक, तो हात वर करतो आणि स्वतः सांगतो. कोणी रागवत नाही, कोणी हसत नाही. पास दिला नाही इथपासून बसच्या सीटखाली संत्र्याची सालं टाकली इथपर्यंत सगळं निघतं. आईबापांनाही सूट नाही. पहिला हात नेहमी बाबांचा असायचा, असं सगळे सांगतात. “आज सब्स्टिट्यूशन उशिरा केलं, माझी चूक.” मग मुलांची भीड चेपायची.

असायचा, म्हणतात. मी आल्यापासून बघून राहिले, बाबांचा हात एकदाही वर गेला नाही.

*

बाबा बॉलपेक्षा चूक छान ड्रिबल करतात.

प्रॅक्टिसला त्यांनी एका मुलाला हाक मारली, “दीपक! लेफ्ट में जा!” मुलगा जागचा हलला नाही. “अरे दीपक!”

मुलगा घाबरत म्हणाला, “सरजी, दीपक तो पापा का नाम है.”

बाबांनी एक सेकंद घेतला. एकच. “मालूम है! तेरा बाप भी ऐसे ही खड़ा रहता था, मैं चिल्लाता था और वो हिलता नहीं था!”

काय हशा पिकला! तो दीपक नावाचा बाप काठावर उभा होता, तो तर डोळे पुसत हसला. रफीकभैया हसले नाहीत. मीही नाही. आमची नजरानजर झाली आणि दोघांनी एकदमच दुसरीकडे बघितलं.

*

धुवायला टाकायच्या कपड्यांचे खिसे मी आधी बघते. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लावलेली शिस्त आहे, कारण बाबांच्या ट्रॅकपँटमध्ये शिटी हमखास सापडते. एकदा शिटीबरोबर घडी केलेला कागद निघाला. अक्षर भिंतीवरचंच, फक्त बारीक.

“कमानिया गेट. गेटाकडे पाठ. सरळ. दवाखान्याहून डावीकडे. निळं फाटक, आपलं.”

खाली एक रेघ मारून आणखी लिहिलं होतं: “सून – मीनल. अमरावतीची.”

सासरी मला सगळे सूनबाई म्हणतात, ग्राउंडवर सगळे भाभी. महिनोन् महिने माझं नाव या घरात नवऱ्याशिवाय कोणी घेतलं नव्हतं. आणि इथे ते लिहून ठेवलेलं होतं, विसरू नये म्हणून.

कागद घामाने ओला झाला होता. मी तो वाळवला, त्यावरून हलकी इस्त्री फिरवली आणि धुतलेल्या पँटच्या त्याच खिशात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, “तू इस्त्री फार छान करतेस, बेटा.” माझ्या हातातलं ताट पडता पडता राहिलं.

*

नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. निखिल बँकेतून आला, चहा झाला, मी सुरुवात केली, “बाबांबद्दल जरा...”

“बाबांना काहून काही होईल?” तो मधेच म्हणाला. “अगं, त्यांची मेमरी कॉम्प्युटर आहे! थांब, दाखवतो. बाबाऽ! मी सातवीत होतो तेव्हाची सेमीफायनल?”

आतून बाबांनी स्कोअर सांगितला. गोल कोणी कोणत्या पायाने मारला ते सांगितलं. पेनल्टी हुकवणाऱ्याच्या काकांचं नावही सांगितलं.

“बघितलंस?” निखिल म्हणाला.

तेवढ्यात बाबा बाहेर आले आणि निखिलला म्हणाले, “तू बँकेतून कधी आला? चहा घेतला काय?”

दोघांनी पाच मिनिटांपूर्वी समोरासमोर बसून चहा घेतला होता. निखिल हसला. “बघ, किती काळजी करतात!”

मी कपबशा उचलल्या.

*

टीमला कुठे न्यायचं असलं की बस सुटण्याआधी मोजणी होते. निखिलने एकदा यादी बनवून दिली होती. बाबांनी ती परत केली. “पोरं म्हणजे किराणा आहे काय, यादी करायला?” त्यांची रीत ठरलेली: सीटमधून चालत जायचं, प्रत्येक डोक्यावर हात ठेवायचा, मनात मोजायचं आणि शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायचा. “अठरा! चलो!” इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही, असं रफीकभैया शपथेवर सांगतात.

मी हळूहळू प्रत्येक मॅचला जायला लागले. पाण्याच्या बाटल्या आणि फर्स्ट एडचा डबा सांभाळायला. आई शेजारणींना सांगायच्या, “आमच्या सुनेला फुटबॉलचं भलतंच वेड!” मला आजही ऑफसाइड कळत नाही. मी बॉल बघायला जातच नव्हते.

अशाच एकदा बसमध्ये बाबा मोजत आले आणि त्यांनी माझ्याही डोक्यावर हात ठेवला. “एकोणीस!”

“सरजी ने भाभी को भी गिन लिया!” जोया किंचाळली. अख्खी बस हसली. मीही हसले. मग बाबांकडे बघितलं. बाबा हसत नव्हते. ते माझ्याकडे असे बघत होते, की ही कोण, कोणाची. हात खिशाकडे गेला, कागदावर दाबून राहिला. मग म्हणाले, “हो हो. सूनबाई. मीनल.”

कमानिया गेटपाशी ते कसे दिसले असतील, ते मला त्या दिवशी कळलं. हा चेहरा पुन्हा मुलांसमोर येऊ द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

*

आता सिहोऱ्याच्या मॅचचं.

मॅच दुपारी संपली, आम्ही जिंकलो. ग्राउंड अगदी हमरस्त्याला लागून. ट्रक असे जातात की बाटलीतलं पाणी हलतं. बाबा खुश होते. बसमध्येच गोल करू म्हणाले, उशीर होऊन राहिला. रफीकभैया मागे नेट आणि बॉल चढवत होते. मी मुलांच्यात बसले होते.

बाबा मोजत आले. डोकं, डोकं, डोकं. मग तो हात माझ्या डोक्यावर आला, क्षणभर थांबला.

“अठरा! चलो!”

या वेळी कोणी हसलं नाही. मुलं दमली होती, कोणाचं लक्षच नव्हतं. माझ्या तोंडात शब्द आला होता. पण बाबांचा चेहरा इतका निवांत होता! म्हटलं, मला सोडून मोजले असतील. हात नुसता आशीर्वादाचा असेल.

बस निघाली. बरीच पुढे आल्यावर मला जाणवलं, की बस शांत आहे. जोया असलेली बस शांत नसते.

मी मान वळवून मोजलं. सतरा. उलट्या बाजूने मोजलं. सतरा. माझ्या मागच्या सीटवर तिचे ग्लव्ह्ज पडले होते, दोन्ही, एकावर एक. सकाळी तिची आई शिवणमशीन सोडून गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. माझा हात धरून म्हणाली होती, “भाभी, आपके भरोसे.”

मी उठले आणि ते ग्लव्ह्ज रफीकभैयांच्या मांडीवर टाकले. त्यांनी ग्लव्ह्ज बघितले, मला बघितलं आणि असे ओरडले की ड्रायव्हरने बस अर्धी रस्त्याच्या खाली घातली.

बस सिहोऱ्याकडे उलटी फिरली. बाबा पुढच्या दांडीला धरून उभे होते आणि एकच वाक्य म्हणत होते. “मैंने अठारह गिने थे. रफीक, मैंने अठारह गिने थे.” प्रत्येक ट्रक समोरून आला की मी डोळे मिटत होते.

जोया रिकाम्या ग्राउंडवर गोलपोस्टच्या मधोमध उभी होती, पाण्याची बाटली छातीशी धरून.

“इतनी देर?” ती ओरडली. “मुझे लगा, आप लोगों का मैथ्स कच्चा है!”

रफीकभैया खाली बसले आणि तिचे दोन्ही खांदे धरले. “डरी नहीं?”

“काहे का डर? दीवार पे लिखा है ना, जितने गए उतने वापस.”

तिने माझा हात धरला. दुपारच्या उन्हात तिची बोटं बर्फासारखी होती.

बाबा म्हणाले, “गोल.” तिथेच, धुळीत, सगळे बसलो.

जोयाने हात वर केला. “मैं बिना बताए पानी भरने गई थी.”

रफीकभैयांनी केला. “मैंने पलटकर नहीं देखा.”

बसच्या ड्रायव्हरनेही केला. तो तर क्लबचा नव्हताच! “मेरे को जल्दी थी, सरजी.”

मग सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांचा हात मांडीवर होता. वर जायला निघायचा आणि परत खिशाकडे यायचा. “अठारह गिने थे,” ते हळूच म्हणाले, आणि या वेळी ड्रिबल करायला त्यांना काही सापडेना.

मी हात वर केला. सतरा मुलांनी आणि जोयाने एकदम माझ्याकडे बघितलं. भाभी बोलते, हेच त्यांना नवीन होतं. मी मराठीत बोलले.

“चूक माझी आहे, बाबा. अठरावं डोकं माझं होतं. आणि कमानिया गेटचं मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे.”